ब्रेक पॅड: कंपनीचे, नावाजलेल्या ब्रँडचे की बाजारातले स्वस्त?

केतकीवन | शनिवार, सकाळी ९.४०

नमस्कार मंडळी,

गाडी स्विफ्ट पेट्रोल, २०१६ची, ६२ हजार किमी झालेली. आम्ही साताऱ्यात राहतो आणि सासर महाडजवळ, त्यामुळे महाबळेश्वर-पोलादपूरचा आंबेनळी घाट नेहमीचाच. गाडी बहुतेक वेळा मीच चालवते. सोबत सासू-सासरे, दोन मुलं आणि भरलेली डिकी.

सर्व्हिसिंगला चाकं काढली तेव्हा गॅरेजवाल्या दादांनी पुढचे पॅड दाखवले. लायनिंग, म्हणजे पॅडचा घासला जाणारा थर, तीन मिलिमीटरच्या आसपास उरलंय, बदलून घ्या म्हणाले. भाव तीन सांगितले. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातले दोन हजारांच्या घरात, नावाजलेल्या ब्रँडचे बाराशे, आणि 'लोकल' साडेचारशे. वर म्हणाले, "ताई, माल सगळा एकच असतो, पैसे खोक्याचे लागतात. लोकल टाका, काही होत नाही."

माणूस चांगला आहे, उगाच खर्चात पाडत नाही, म्हणूनच गोंधळ झालाय. खरंच माल एकच असतो का? आणि मधला, बाराशेवाला पर्याय घेतला तर त्यात आपण काही गमावतो का? मागच्या ड्रमचे शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे) अजून बरे आहेत म्हणाले, पण तेही आता उघडायचेच आहेत तर बदलून टाकू का?

---

घाटमाथा | शनिवार, सकाळी १०.१५

पॅड कुठलेही घ्या, त्याआधी एक सांगा: ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंय? आंबेनळी उतरणाऱ्या गाडीसाठी हा प्रश्न पॅडइतकाच महत्त्वाचा आहे. सविस्तर नंतर लिहितो.

---

केतकीवन | शनिवार, सकाळी १०.३०

ऑइल बदलल्याची नोंद सर्व्हिस बुकात सापडत नाहीये. लेव्हल दर वेळी बघतात एवढं नक्की.

---

चाकणकर | शनिवार, दुपारी १.०५

केतकीताई, मी ब्रेकच्या सुट्या भागांच्या क्वालिटी विभागात काम करतो. कुठे ते लिहीत नाही, पण जे लिहितोय ते रोज हाताखालून जातं.

"माल सगळा एकच" हे अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच त्याने लोक फसतात. खरा भाग असा की गाडी बनवणारी कंपनी पॅड स्वतः बनवत नाही, ते पुरवठादाराकडून येतात. खोटा भाग असा की साडेचारशेचा पॅड त्या पुरवठादाराकडून आलेला नसतो.

पॅड वरून साधा दिसतो. एक पोलादी पाटी, तिला मागून आवाज दाबणारं शिम, पुढून चिकटवलेलं लायनिंग. पण त्या लायनिंगमध्ये पंधरा-वीस घटक असतात. सगळं बांधून ठेवणारं फिनॉलिक रेझिन, ताकद देणारे तंतू, ग्रॅफाइट, बराइट, रबराची भुकटी. काजूच्या टरफलातल्या तेलापासून केलेली भुकटीसुद्धा असते, घर्षण एकसारखं राहावं आणि आवाज कमी व्हावा म्हणून. हे मिश्रण पाटीवर गरम साच्यात दाबतात, मग भट्टीत काही तास भाजतात. चांगले कारखाने त्यानंतर लायनिंगचा वरचा थर जाळून घेतात, म्हणजे पहिल्यांदा तापल्यावर सुटणारा वायू आधीच निघून जातो.

आता स्वस्त करायचं तर पैसे वाचवायचे कुठे? भट्टीतला वेळ कमी. रेझिन हलक्या प्रतीचं. पाटी पातळ आणि रंग नुसता वरवरचा. पाटीला लायनिंग धरून ठेवणारा चिकटा कमी. शिम गायब. यातलं एकही खोकं उघडून डोळ्यांना दिसत नाही. गाडीत बसवून गल्लीत चक्कर मारली तरी कळत नाही, कारण थंड असताना जवळपास सगळेच पॅड धरतात.

फरक कळतो तो तापल्यावर. रेझिन साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे विघटित व्हायला लागतं, वायू सुटतो, पॅड आणि डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती) यांतली पकड कमी होते. पाय तेवढाच दाबलेला, पेडल कडक, आणि गाडी मात्र पुढे जात राहते. याला फेड म्हणतात. चांगल्या मिश्रणात हे उशिरा आणि हळूहळू होतं, पाय जरा जास्त दाबावा लागतोय हे चालवणाऱ्याला वेळेत कळतं. वाईट मिश्रणात ते अचानक होतं.

तुमच्याच घाटाचा हिशोब करून बघा. माणसं-सामान धरून गाडी १२०० किलो. महाबळेश्वर ते पोलादपूर उतार धरा १२०० मीटर. वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची केली की सुमारे १ कोटी ४१ लाख जूल येतात. एवढ्या ऊर्जेत चाळीस-पंचेचाळीस लिटर पाणी उकळीपर्यंत तापेल. ताशी ८० वेगाने जाणारी तीच गाडी एकदा करकचून थांबवली तर लागतात फक्त तीन लाख. घाटातली ऊर्जा काही हवेच्या रोधात जाते, काही टायरमध्ये, तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये असाल तर बरीचशी इंजिनात. उरलेली सगळी त्या चार छोट्या पॅडांतून आणि मागच्या ड्रममधून बाहेर पडायची असते, आणि ब्रेकचा मोठा भार पुढच्यावरच असतो.

म्हणून साताऱ्यातल्या साताऱ्यात चालणाऱ्या गाडीला जो सल्ला चालेल तो तुम्हाला चालणार नाही. निनावी पॅड घेऊ नका. कंपनीचा आणि नावाजलेल्या ब्रँडचा यांतला कुठलाही चालेल.

---

पुणे३८ | शनिवार, दुपारी ३.५०

थोडं विरुद्ध मत मांडतो. माझी सँट्रो जुनी आहे, विकायला काढली तर फारसं काही येणार नाही. कोथरूड ते डेक्कन आणि परत. वेग चाळीसच्या वर जात नाही. मी बरीच वर्षं लोकल पॅडच वापरतोय. झिजतात लवकर, हे खरं. पण गाडी व्यवस्थित थांबते.

दर वेळी सुरक्षेचं नाव पुढे केलं की माणूस गप्प बसतो आणि पैसे काढतो. सर्व्हिस सेंटरवाले याच भीतीवर पॅडबरोबर डिस्क, क्लीनर, अमुक स्प्रे, तमुक पॅकेज असं सगळं बिलात चढवतात. ज्याचं वापरणंच कमी त्याने घाटातल्या गाडीचा खर्च का करायचा?

---

स्पेअरपार्ट | शनिवार, सायंकाळी ७.२०

नाना पेठेत दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासून. बिलात काय काय चढवतात याबद्दल पुणे३८ यांच्याशी शंभर टक्के सहमत. पॅडच्या बाबतीत नाही.

हिशोब सांगतो. लोकल साडेचारशे, ब्रँडेड बाराशे. फरक साडेसातशे. पॅड तीस हजार किमी चालला असं धरलं तर किमीला अडीच पैसे. आणि लोकल पॅड तीस हजार चालत नाही, मध्ये एकदा तरी बदलावा लागतो, मजुरी वेगळी. त्यात कडक धातू जास्त असेल तर डिस्कला खोबणी पडते. डिस्कची जोडी घ्यायला आलात की साडेसातशे कुठल्या कुठे गेले. जुन्या गाडीच्या मालकाने तर हे जास्त बघायला हवं.

आता मधल्या पर्यायाबद्दल. ब्रेक्स इंडिया (टीव्हीएस गर्लिंग म्हणून लोक ओळखतात), राणे, अलाइड निप्पॉन, सुंदरम ब्रेक लायनिंग्ज, हिंदुस्तान कंपोझिट्स ही आपल्याकडची जुनी नावं. शेवटच्या कंपनीचे कारखाने तर पैठण आणि भंडाऱ्याला आहेत. यांतले बरेच जण गाड्यांच्या कंपन्यांना माल देतात आणि स्वतःच्या खोक्यातही विकतात. स्वतःच्या खोक्यात तो स्वस्त पडतो कारण गाडीच्या कंपनीचं नाव, तिचं गोदाम, तिच्या डीलरचा नफा हे मध्ये नसतं. गॅरेजवाल्या दादांचं "पैसे खोक्याचे" हे म्हणणं इथे लागू पडतं, दोन हजार आणि बाराशेच्या मध्ये. बाराशे आणि साडेचारशेच्या मध्ये नाही.

एक बारकावा. तोच कारखाना, म्हणून तेच मिश्रण असं दर वेळी नसतं. बाजारासाठी वेगळी ग्रेड असू शकते. आवाज थोडा जास्त, काजळी थोडी जास्त, एवढा फरक गिऱ्हाईक सांगतात. थांबण्याबद्दल तक्रार माझ्याकडे क्वचितच आली आहे.

खरी भीती मला तिसऱ्याच मालाची वाटते: कंपनीच्या खोक्यातला डुप्लिकेट. लोकल घेणाऱ्याला निदान आपण लोकल घेतोय हे माहीत असतं. इथे पैसे पूर्ण गेले आणि आत तोच माल. खोकं हातात घ्या. छपाईची अक्षरं कडेला पसरलेली, शुद्धलेखनाची चूक, होलोग्राम तिरपा करूनही सपाट दिसतोय, किमतीचं लेबल दुसऱ्या लेबलवर चिकटवलेलं, यातलं काही दिसलं तर परत द्या. पाटीवर पार्ट नंबर आणि बॅच नंबर असतो, चारही पॅडांवर तो बघा. एकाच खोक्यात दोन वेगळ्या बॅच निघाल्या तर कुणीतरी खोकं उघडलेलं आहे. आणि जीएसटीचं बिल घ्या. पक्कं बिल द्यायला जो कां-कूं करतो त्याच्याकडून ब्रेकचा माल घेऊ नये, वायपर-बल्ब घ्या हवं तर.

---

खाडीकाठ | शनिवार, रात्री ९.१५

काजूच्या टरफलाचं वाचून आनंद झाला, आमच्या रत्नागिरीकडचा माल कुठे कुठे जातो बघा.

आमच्याकडे खारी हवा, चार महिने पाऊस. इथे पॅड झिजून मरत नाहीत, गंजून मरतात. मागच्या वर्षी शेजाऱ्यांच्या गाडीचा एक पॅड काढला होता, निनावी कंपनीचा. लायनिंग अर्ध्याहून जास्त शिल्लक. पण पाटीचा रंग बुडबुड्यासारखा फुगलेला, आणि पाटी व लायनिंगच्या मध्ये तपकिरी गंजाचा थर, जवळजवळ दोन मिलिमीटर. स्क्रू ड्रायव्हर घालून हलकेच उचललं तर लायनिंगचा कोपरा अख्खा सुटून हातात आला. पाटी आतून गंजत गेली आणि गंजाने लायनिंग वर उचललं. ते घाटात, जोरात ब्रेक मारताना सुटलं असतं तर त्या चाकावर पोलाद पोलादावर घासलं असतं.

चाकणकर म्हणतात ना, रंग वरवरचा आणि चिकटा कमी. तो हा प्रकार. त्यामुळे कोकणात राहणाऱ्यांनी आणि नियमित येणाऱ्यांनी किती मिलिमीटर उरलंय एवढंच विचारू नका. पॅड बाहेर काढून कडेने बघा.

दुसरं, कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, पिना. पॅड बदलताना निम्मे मिस्त्री त्यांना हात लावत नाहीत. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या जाम झाल्या की आतला पॅड संपतो आणि बाहेरचा तसाच राहतो. केतकीताई, तुमच्या चार पॅडांची जाडी सारखी होती का, हे विचारा. सारखी नसेल तर दोन हजारांचे पॅड घालूनही उपयोग नाही, नवा पॅडही तसाच एका बाजूने खाल्ला जाईल.

पिना बाहेर काढून पुसायच्या, गंज असेल तर घासून काढायचा, खड्डे पडले असतील तर पिना बदलायच्या. रबरी बूट फाटलेला असेल तर तोही. आणि ग्रीस लावायचं ते ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस. बेअरिंगचं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिना पुन्हा जाम होतात.

---

घाटमाथा | रविवार, सकाळी ८.००

आता ऑइलबद्दल. पायाचा दाब पेडलपासून चाकांपर्यंत तेच नेतं. हल्लीच्या बहुतेक गाड्यांना डॉट ३ किंवा डॉट ४ लागतं, टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. दोन्ही ग्लायकॉलवर आधारलेली, आणि दोन्ही हवेतली आर्द्रता शोषतात. झाकण बंद असलं तरी होसमधून, सीलमधून पाणी हळूहळू शिरतंच.

किमान उकळबिंदू असे: नवं डॉट ३ २०५ अंश, पाणी शोषलेलं १४०. नवं डॉट ४ २३०, पाणी शोषलेलं १५५. घाटात कॅलिपर तापला, त्यातलं जुनं ऑइल उकळलं, की वाफेचे बुडबुडे तयार होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल सरळ तळाला जातं.

चाकणकरांनी सांगितलेल्या फेडमध्ये पेडल कडक राहतं आणि गाडी थांबत नाही. इथे पेडलच बुडतं. दोन्ही वेगळे आजार आहेत, आणि दुसऱ्यावर जगातला कुठलाही महागडा पॅड उपाय नाही. दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलायचं. लेव्हल बघणं म्हणजे ऑइल बदलणं नव्हे. तुमच्याकडे नोंदच नाही, म्हणजे मी तर म्हणेन पॅडच्या आधी हे.

डॉट ५ मात्र वेगळ्या जातीचं, सिलिकॉनचं आहे, आपल्या गाड्यांत घालू नये. डॉट ५.१ पुन्हा ग्लायकॉलचंच. दुकानात या दोघांत गल्लत होते.

---

श्टुटगार्टकर | रविवार, दुपारी १२.४०

इकडचा अनुभव कामी येईल म्हणून लिहितो. युरोपात सुटे पॅड विकायचे तर आर ९० नावाच्या नियमाखाली मान्यता लागते. मूळ पॅडच्या तुलनेत ब्रेकची कामगिरी पंधरा टक्क्यांच्या आतबाहेर राहिली पाहिजे, अशी चाचणी होते. कमी धरणारा चालत नाही तसा फार जास्त धरणाराही चालत नाही, कारण पुढच्या-मागच्या चाकांचा तोल बिघडतो. पाटीवर वर्तुळात रोमन 'ई' आणि मान्यता देणाऱ्या देशाचा आकडा असतो (१ जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली), आणि पुढे ९०आर अशी सुरुवात असलेला क्रमांक.

त्यामुळे इथे 'स्वस्त' म्हणजे 'तपासलेल्यांतला स्वस्त'. माझ्या गाडीला मी बिनधास्त मधल्या किमतीचे पॅड घेतो. भारतात ही खूण सक्तीची नाही, पण निर्यात करणाऱ्या भारतीय कंपन्यांच्या मालावर ती सापडते. दोन ब्रँडमध्ये अडलात तर खूण असलेला उचलावा असं माझं मत.

---

स्पेअरपार्ट | रविवार, दुपारी २.१०

खूण चांगली, पण खूण छापायला साचाच लागतो. नाव ओळखीचं, बिल पक्कं आणि वर खूण, अशा क्रमाने बघा. नुसती खूण बघून अनोळखी माल उचलू नका.

---

केतकीवन | रविवार, सायंकाळी ६.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज गॅरेजमध्ये जाऊन जुने पॅड बाहेर काढायला लावले. खाडीकाठ, तुमची शंका खरी निघाली. उजवीकडचा आतला पॅड दोन मिमी आणि बाहेरचा पाच. खालची पिन हातोडीने टकटक केल्यावर बाहेर आली, आत ग्रीस सुकून काळं झालेलं. दादा म्हणाले, बरं झालं उघडली.

ब्रँडेडचं खोकं दाखवलं, पक्कं बिल द्यायला लगेच तयार झाले. पाटीवर बॅच नंबरच्या पुढे रोमनमध्ये 'एफएफ' असं कोरलंय. ते काय असतं?

---

चाकणकर | रविवार, रात्री ८.४५

ती घर्षण गुणांकाची खूण. पहिलं अक्षर साधारण तापमानाचं, दुसरं तापलेल्या अवस्थेतलं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. एफएफ म्हणजे तापल्यावरही त्याच पट्ट्यात राहतो. तुमच्या वापराला योग्य आहे. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल, एफई म्हणा, तर घाटासाठी टाळावा.

पण या दोन अक्षरांवर सगळा भरवसा ठेवू नका. ती प्रयोगशाळेत छोट्या तुकड्यावर केलेल्या चाचणीची आहेत. लायनिंग पाटीला किती घट्ट धरून आहे, किती दिवस टिकेल, आवाज करेल का, यातलं काहीही ती सांगत नाहीत. आणि जी हे एफपेक्षा 'भारी' असंही नाही. गाडीची ब्रेक यंत्रणा ज्या गुणांकासाठी आखली आहे तोच हवा.

शूबद्दल विचारलं होतं ते राहिलं. मागचे शू चांगले असतील तर बदलू नका. ड्रम उघडून आतली धूळ ओल्या फडक्याने पुसायची, व्हील सिलिंडरला (ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा) पाझर आहे का बघायचं, हँडब्रेक सेट करायचा. पाझर असेल तर मात्र सिलिंडर किट आणि शू दोन्ही, कारण ऑइल प्यायलेलं लायनिंग पुन्हा नीट होत नाही.

---

माणदेशी | रविवार, रात्री १०.००

शूचा विषय निघाला म्हणून बोलतो. आमचे दोन टेम्पो आहेत, डाळिंबं मुंबईला जातात. आमच्याकडं शू नवे कमीच घेतात. जुन्या शूवरचं लायनर रिव्हेट तोडून काढायचं, नवं लायनर मारून घ्यायचं. तालुक्याच्या गावी ही कामं करणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि हात चांगला असतो. अडचण लायनरची. माणूस चांगला पण लायनर किलोवर विकत घेतलेलं, नाव ना गाव. मी आता लायनर स्वतः ब्रँडचं आणून देतो, मजुरी तेवढी त्याची. रिव्हेटचं डोकं लायनरच्या पृष्ठभागापासून खोल बसलंय का हे बघतो. वर राहिलं तर ड्रमला चर पडते.

आणि एक विनंती आहे सगळ्यांना. ड्रम उघडला की पोरं कॉम्प्रेसरची हवा मारतात, सगळी धूळ नाकातोंडात. मोठ्या कंपन्यांनी ॲस्बेस्टॉस सोडलंय, पण आपल्या देशात त्याच्यावर सरसकट बंदी नाही, आणि निनावी लायनरमध्ये काय घातलंय कुणी सांगत नाही. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुफ्फुसात गेले की वीस-तीस वर्षांनी आजार वर येतो. काम करणारी पोरं अठरा-वीसची असतात. स्वस्त लायनरची किंमत तीपण मोजतात. चाकणकर साहेबांनी ओल्या फडक्याचं सांगितलं ते एकदम बरोबर.

---

पुणे३८ | सोमवार, सकाळी ९.१५

माणदेशी, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. माझं म्हणणं मी पूर्ण मागे घेत नाही. शहरात कमी चालणाऱ्या गाडीला कंपनीच्या खोक्यातलेच हवेत असं मला अजूनही वाटत नाही. पण निनावी आणि मधला ब्रँड यांतला फरक पटला. सँट्रोचं ऑइल या आठवड्यात बदलून घेतो.

---

पावसाळी | सोमवार, दुपारी १.३०

दुचाकीवाल्यांनी काय करायचं? माझ्या १५० सीसी बाईकला पुढे डिस्क आहे. दुकानदार 'सिंटर्ड' घ्या म्हणतोय, पावसात जास्त धरतात म्हणे, आणि ते सगळ्यांत महाग आहेत.

---

चाकणकर | सोमवार, दुपारी २.२०

सिंटर्ड म्हणजे धातूची पूड दाबून-तापवून केलेले. पावसात आणि उष्णतेत ते चांगले धरतात हे खरं. पण तुमच्या बाईकची डिस्क ऑर्गॅनिक, म्हणजे रेझिन आणि तंतूंच्या, पॅडसाठी आखलेली असेल तर सिंटर्ड तिला झपाट्याने खातात. मूळ पॅड कुठल्या जातीचे होते ते मालकाच्या पुस्तिकेतून किंवा जुन्या पॅडवरून काढा आणि तीच जात घ्या. इथे महाग ते चांगलं असा नियम नाही.

बाईकच्या कॅलिपरवर बायब्रे लिहिलेलं असेल तर ती ब्रेम्बोचीच छोट्या गाड्यांसाठीची शाखा आहे, पुण्यात तयार होतात. बऱ्याच बाईकचे ब्रेक वाळूजच्या एंड्युरन्सचे असतात. ज्याचा कॅलिपर त्याचाच पॅड बाजारात मिळत असेल तर निवड करत बसायचं कारण नाही. दुचाकीवर पुढचा ब्रेक अचानक जास्त धरणंही धोक्याचं, एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या बाईकवर तर फारच.

---

केतकीवन | मंगळवार, सायंकाळी ७.५०

पॅड बसले. ब्रँडेडच घेतले. उजवीकडच्या दोन्ही पिना आणि बूट नवे, ऑइल डॉट ४ पूर्ण बदललं, निघालेलं ऑइल अगदी चहाच्या रंगाचं होतं. डिस्कची जाडी गेजने मोजायला लावली, कडेवर कोरलेल्या किमान आकड्यापेक्षा बरीच जास्त आहे, त्यामुळे लेथवर घासून सपाट करायला न देता तशीच ठेवली.

आता दोन शंका. ब्रेक लावला की जरासा 'चीं' आवाज येतोय. आणि पेडल आधीपेक्षा किंचित मऊ वाटतंय. येत्या शनिवारी महाडला जायचंय.

---

घाटमाथा | मंगळवार, रात्री ८.३०

आवाजाची काळजी आत्ता नको. नवा पॅड जुन्या डिस्कवर पूर्ण टेकलेला नसतो. सकाळी मोकळ्या रस्त्याला घ्या, मागे गाडी नाही बघून ताशी पन्नास-साठवरून मध्यम दाबाने पंधरा-वीसपर्यंत आणा, पूर्ण थांबायचं नाही. मध्ये थोडं चालवून थंड होऊ द्या. असं आठ-दहा वेळा. डिस्कवर लायनिंगचा पातळ एकसारखा थर बसतो. पहिले दोनशे-तीनशे किमी करकचून ब्रेक टाळा. तोवर घाट उतरू नका, शनिवारपर्यंत तेवढं चालणं होत नसेल तर पुढच्या आठवड्यात जा.

मऊ पेडल मात्र सोडून देऊ नका. ऑइल बदलताना हवा राहिली असावी. उद्याच परत नेऊन चारही चाकांचं ब्लीडिंग, म्हणजे ऑइलमधली हवा काढणं, पुन्हा करून घ्या. गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरा. सावकाश खाली जात राहिलं तर मास्टर सिलिंडरही (पेडलच्या दाबाने ऑइल ढकलणारा) बघायला लावा.

---

स्पेअरपार्ट | मंगळवार, रात्री ९.०५

यात एक भर घालतो, हा धागा वाचून कुणी पॅड बदलायला जाईल त्याच्यासाठी. नवे जाड पॅड बसवताना कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलावा लागतो. त्यामुळे काम झाल्यावर पहिल्यांदा पेडल दाबलं की ते तळापर्यंत जातं, ब्रेक लागतच नाही. मिस्त्रीने पंप केलं असेल असं गृहीत धरू नका. गाडी गॅरेजच्या रॅम्पवर किंवा उतारावर असेल तर तिथेच भिंतीवर जाते. सीटवर बसलात की गिअर टाकण्याआधी पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा, मग ऑइलची लेव्हल पुन्हा बघा, मगच हँडब्रेक सोडा.